दोन आठवडे फुकट राहणाऱ्यांना मान, सहा वर्षं भाडं भरणाऱ्यांना नारळ

माननीय केंद्रीय अर्थव्यवस्था आणि ऊर्जामंत्री,
बर्लिन

सप्रेम नमस्कार.

जर्मनची परीक्षा पास झालोय, पण राग आला की तोंडात मराठीच येते. भाषांतर करून घ्या, तेवढा खर्च तुमच्या खात्याला झेपेल.

मी आयझेनह्युटेनश्टाटचा, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या पोलादाच्या गावचा. सोमवारी मालकाचं पत्र आलं, कंत्राट वाढवणार नाही. छोटी कंपनी आहे, नाव घेत नाही. पोलाद कारखाना नव्याने उभा राहणार, कामं निघणार, या भरवशावर माणसं घेतली होती. हरित पोलादासाठी, म्हणजे कोळशाऐवजी हायड्रोजन आणि विजेवर पोलाद करण्यासाठी, ब्रेमेनचा कारखाना आणि आमचा मिळून 1.3 अब्ज युरोची सरकारी मदत ठरली होती. जून 2025 मध्ये कारखान्याची मालक कंपनी आर्सेलर मित्तलने सांगितलं, नको. वीज परवडत नाही, हायड्रोजनचा पत्ता नाही. फुकटचे पैसे कुणी नाकारतं, तेव्हा तरी विजेचं बिल बघायचं होतं! वर बेकरीवाली मला विचारते, "तुमच्या मित्तलने असं का केलं?" जणू तो माझा सख्खा मामा.

हे गावच मुळी 1950 मध्ये या कारखान्यासाठी वसवलं. काही वर्षं नावही स्टॅलिनश्टाट होतं. 1988 मध्ये वस्ती 53 हजार, आता 24 हजार, शे-पाचशे इकडेतिकडे. हजारो घरं पाडली. मला हे आकडे केरसुणीवर कळतात. आलो तेव्हा जिना झाडायची पाळी दर सातव्या आठवड्याला यायची, आता चौथ्या. दहा घरांच्या जिन्यात नावाच्या पाट्या चारच. खालचं घर रिकामं, त्यामुळे फरशी बर्फ. पोरगा घरात दोन-दोन मोजे घालून फिरतो आणि हीटिंगचं बिल मात्र वाढतंच आहे.

आणि सप्टेंबर 2025 मध्ये काय, तर 'राहून बघा' योजना! बाहेरच्यांना दोन आठवडे सजवलेलं घर फुकट. हजारावर अर्ज आले म्हणे. आम्ही सहा वर्षं राहूनच बघतोय की. भाडं भरून.

तुम्ही स्वतः लुकेनवाल्डेच्या, आमच्याच ब्रांडेनबुर्ग राज्यातल्या. 1990 मध्ये जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडे काय काय बंद पडलं, हे तुम्हाला मी सांगायचं? भाषणात 'कुशल कामगार हवेत', आणि इथे माझा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घड्याळ सुरू. बायकोने वृद्धाश्रमातल्या कामासाठी भाषा शिकायला घेतली, तिचा वर्ग अर्ध्यावर आहे. तिचं काय करू, तेही कळवा.

विजेचा दर कधी उतरणार, तारीख सांगा. समिती नको.

या शनिवारी जिना मी झाडणार आहे. पुढच्या महिन्यात पाट्या बहुधा तीन.

आपला,
चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू