ओंकार होस्टेलवर जाण्याआधी

लेस्टर, ६ जुलै २०२५

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चि. ओंकारला पुण्यात प्रवेश मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. फोनवर तो शेजारीच होता, म्हणून एक गोष्ट पत्रात लिहिते आहे.

मी शिकवते त्या शाळेत सिगारेट ओढणारं पोर क्वचितच दिसतं. व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, मात्र दप्तरादप्तरांत असतो. दिसायला हायलायटरसारखा, वास आंब्याचा नाहीतर कलिंगडाचा, त्यामुळे आईबापांना पत्ताच लागत नाही. मुलं म्हणतात, "नुसती वाफ आहे, मिस." त्या वाफेत निकोटिन असतं. ते बहुधा क्षाराच्या रूपात घालतात, म्हणजे घशाला टोचत नाही. बिडीच्या पहिल्या झुरक्याला ठसका लागतो आणि पोरगं बिचकतं. व्हेपमध्ये ती अडचणच उरत नाही. माझ्या वर्गातल्या एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाला आता तासभर एका जागी बसवत नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते, आणि त्याच वयात ही सवय जडते. फार वाईट वाटतं त्याच्याकडे बघून.

आपल्याकडे २०१९पासून व्हेपवर बंदी आहे, पण त्याने मी निश्चिंत नाही. मिळतो तो सगळा चोरटा माल, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेप ओढणारी अडीच हजारांहून जास्त माणसं फुफ्फुसं बिघडून दवाखान्यात गेली, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ६८ दगावली. त्यातले बहुतेक गांजाच्या अर्काचे व्हेप होते, आणि त्यांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट नावाचं तेलकट रसायन मिसळलेलं सापडलं. घेणाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती.

ओंकार म्हणेल, इंग्लंडात डॉक्टरच व्हेप सुचवतात. खरं आहे, पण ते सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना. जो ओढतच नाही, त्याने सुरू करू नये, असंच तेही सांगतात.

वहिनी, त्याच्यावर ओरडू नका, तो लपवायला शिकेल. मित्र काय ओढतात, एवढंच सहज विचारा आणि ऐकून घ्या.

आणि दादा, राग मानू नकोस. तुझ्या खिशात तंबाखूची पुडी असेल तर तुझं बोलणं त्याच्या गळी उतरायचं नाही. १८००-११२-३५६ ही सरकारची फुकट क्विटलाइन आहे, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारा फोन. तो जायच्या आधी तू एकदा फोन कर.

आईला नमस्कार.

तुझी,
सुमा