सॉफ्टवेअर बदलताना पार्ट्यांची यादीही तपासून घ्या

संपादक महोदय,

१ एप्रिल जवळ आला की बाजारपेठेत हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलण्याची घाई सुरू होते. शिलकी जुळल्या का, हे सगळेच बघतात. पार्ट्यांची, म्हणजे ज्यांच्याशी देणे-घेणे आहे त्या ग्राहक-व्यापाऱ्यांची नावे, मोबाईल, पत्ते, जीएसटी नंबर मात्र ‘एक्सेलमध्ये काढले आणि टाकले’ म्हणून उरकले जातात. चूक कळते ती वसुलीला फोन लावायला घेतल्यावर. तोवर जुन्या मशीनवरचा डेटा पुसलेला असतो.

सर्वांत जास्त नुकसान मोबाईल नंबरचे होते. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने तोडलेला साधा मजकूर) डबल क्लिक करून उघडली की एक्सेल नंबरला आकडा समजते. ९१ लावलेला १२ अंकी नंबर रकान्यात ९.१९८२३ई+११ असा दिसू लागतो. आत पूर्ण नंबर असतो, पण फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसते तेच लिहिले जाते आणि शेवटचे अंक कायमचे जातात. पुण्याच्या ०२० मधले किंवा सांगलीच्या ०२३३ मधले पहिले शून्य उडते. बँक खात्याचा नंबर १६ अंकी असेल तर सोळावा अंक शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल १५ अंकांपुढचे लक्षात ठेवत नाही. उपाय अगदी साधा आहे. आधी कोरे एक्सेल उघडावे, ‘डेटा’मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यावे, ‘फाइल ओरिजिन’ला ६५००१ युनिकोड (यूटीएफ-८) निवडावे आणि ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ करावे. मग प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच येतो. परत सेव्ह करतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’च निवडावे. साध्या सीएसव्हीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्यांचा प्रश्न वेगळा. तिथे फाइलमध्ये मराठी अक्षरे नसतातच. असतात रोमन अक्षरे, फॉन्टने मराठीचा वेष चढवलेली. ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागतात, पण फक्त नाव आणि पत्त्याचे रकाने. अख्खी शीट एकदम टाकली तर ईमेल आणि जीएसटी नंबरही बिघडतात.

पत्त्यातला स्वल्पविराम हेही नेहमीचे दुखणे. ‘गाळा नं. ४, मार्केट यार्ड, सांगली’ हा पत्ता अवतरणचिन्हांत बांधलेला नसेल तर त्याचे तीन रकाने होतात आणि पुढचे सगळे उजवीकडे सरकते. पिनकोडच्या जागी ‘सांगली’ दिसले की समजावे. जुने सॉफ्टवेअर सरळ एक्सेल फाइल देत असेल तर सीएसव्हीच्या वाटेला जाऊच नये.

आता दुबार नावे. एकच व्यापारी ‘मे. गणेश ट्रेडर्स’, ‘गणेश ट्रेडिंग’ आणि ‘गणेशशेठ’ अशा तीन नावांनी असतो. नाव बघून नोंदी एकत्र करणे धोक्याचे, कारण त्याच नावाचा दुसरा दुकानदार पुढच्या गल्लीत असतो. जुळवावे जीएसटी नंबरवर. त्याच्या १५ खुणांपैकी पहिल्या दोन राज्याच्या (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढच्या १० म्हणजे पॅन. पॅन तोच पण राज्य वेगळे असेल तर ती एकाच पेढीची दोन राज्यांतली नोंदणी असते, ती खाती वेगळीच ठेवावीत. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदारांसाठी मोबाईल नंबर धरावा. आणि हे सगळे करण्याआधी प्रत्येक पार्टीला ‘पी-०००१’ असा कायमचा कोड द्यावा. नुसते ०००१ दिले तर एक्सेल त्याचा १ करते.

ज्याला नव्या सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नाही ते मुकाट्याने गळते. उधारीची मर्यादा, शेरे, ‘मेसेज पाठवू नका’ ही खूण. ही शेवटची खूण गेली की नको म्हटलेल्यांनाच पुन्हा जाहिरातीचे मेसेज जातात, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीबद्दल काय म्हणतो ते दुकानदारांनी वाचायला हवे.

नोंदी मोजणे तर कोणी करतच नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाबाधितांच्या सुमारे १६ हजार नोंदी रोजच्या आकड्यांतून गळल्या होत्या, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी बसत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला त्यामुळे उशीर झाला. आपली यादी आठशे पार्ट्यांची असली तरी जुन्यातल्या आणि नव्यातल्या नोंदी मोजाव्यात, येणे-देणे यांची बेरीज ३१ मार्चच्या ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या शिलकीच्या तक्त्याशी) लावावी, रिकाम्या मोबाईलचा आकडा दोन्हीकडे तोच आहे का बघावे. शिवाय वीस नोंदी हाताने पडताळाव्यात: सर्वांत लांब नावाची, स्वल्पविराम असलेल्या पत्त्याची, यादीतली अगदी शेवटची.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे एक आग्रहाची मागणी आहे. शेऱ्यांसकट सगळे रकाने ग्राहकाला स्वतः, पैसे न मोजता काढता आले पाहिजेत. व्यापाऱ्यांनीही खरेदीआधीच हे लेखी घ्यावे आणि दहा नोंदी समोर काढून दाखवायला सांगावे. जुना बॅकअप आणि तो उघडणारे जुने सॉफ्टवेअर दोन्ही ठेवावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

— एक हिशेबनीस, सांगली