पाच वाजताचा फोन कोणाला लागतो?

प्रति,
मा. महासंचालक,
माहिती व जनसंपर्क महासंचालनालय,
मंत्रालय, मुंबई

विषय : बातम्यांत तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढवण्याबाबत

महोदय,

सोयाबीन पिवळे पडले आहे, संध्याकाळचे पाच वाजलेत आणि सातपर्यंत बातमी द्यायची आहे. बातमीदाराला तज्ज्ञाच्या चार ओळी हव्या असतात. तो मोबाइलमध्ये सेव्ह असलेला नंबर लावतो. मागच्या हंगामात ज्या सरांनी पहिल्या रिंगला फोन उचलला, ते याही वेळी उचलतात. बातमीदाराच्या मनात बायकांबद्दल आकस असतो असे नाही, त्याच्याकडे दुसरा नंबरच नसतो.

याचा हिशेब जगभर ठेवला जातो. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प 1995 पासून दर पाच वर्षांनी एका ठरलेल्या दिवसाच्या बातम्या मोजतो. बातम्यांत दिसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांत 1995 मध्ये स्त्रिया 17 टक्के होत्या, 2020 मध्ये 25. तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यांत त्या 2020 मध्ये 24 टक्के होत्या. कोरोनाच्या त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संचालकपदी डॉ. प्रिया अब्राहम होत्या. तेव्हा तज्ज्ञ बायका आहेतच कुठे, हा प्रश्न आता बाजूला ठेवू.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे तज्ज्ञ स्त्रियांची यादी. 8 मार्चला ती पीडीएफमध्ये निघते आणि वर्षभरात निकामी होते. बदली होते, नंबर बदलतो. मुख्य दोष मात्र विषयाच्या रकान्यात असतो. तिथे नुसते ‘कृषी’ लिहिलेले असते. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक या रोगाबद्दल विचारायला फोन करावा तर समोर मृदाशास्त्रज्ञ निघतात. त्या प्रामाणिकपणे सांगतात, ‘हा माझा विषय नाही, आमच्या सरांना विचारा.’ बातमीदार पुन्हा सरांकडे.

म्हणून यादी करायचीच असेल तर विषय अरुंद ठेवा: ‘कापसावरील गुलाबी बोंडअळी’, ‘भूजल पुनर्भरण’, ‘सहकारी बँकांचे लेखापरीक्षण’. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी हव्यात. फोन कोणत्या वेळेत चालेल. फोनवर, कॅमेऱ्यासमोर की लेखी बोलणार. नंबर थेट द्यायचा की आपल्या कार्यालयामार्फत. दर सहा महिन्यांनी प्रत्येक नंबरवर फोन करून खात्री करावी. ही यादी संकेतस्थळावर उघडी टाकू नका. टीव्हीवर दहा मिनिटे बोललेल्या बाईला रात्री कोणते मेसेज येतात, हे वेगळे सांगायला नको. अधिस्वीकृतीधारक (शासनमान्य ओळखपत्र असलेल्या) पत्रकारांना लॉगिन द्यावे. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांकडे अधिस्वीकृती नसते. त्यांचा फोन जिल्हा माहिती कार्यालयाने जोडून द्यावा.

दुसरी अडचण परवानगीची, आणि ती फक्त सरकारच सोडवू शकते. सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिका, आरोग्य विभागातल्या डॉक्टर यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. नेमके काय बोललेले चालते हे स्पष्ट नसले की माणूस वरिष्ठांना विचारतो. वरिष्ठ बैठकीत असतात, तोवर अंक छापायला जातो. पुरुषांनाही नियम तोच आहे. पण वरिष्ठ बहुधा पुरुष असतात आणि पुष्कळदा शेवटी तेच बोलतात. आपल्या विषयातली शास्त्रीय माहिती समजावून सांगणे आणि शासनाच्या धोरणावर मत देणे यांतला फरक उदाहरणांसह सांगणारे एक पानी परिपत्रक सामान्य प्रशासन विभागाकडून काढून घ्यावे. पहिल्यासाठी वर्षाची एकच परवानगी पुरावी.

आता मोजणीचे. बीबीसीच्या एका बातमी कार्यक्रमात 2017 मध्ये निवेदक रॉस अ‍ॅटकिन्स यांच्या चमूने रोज कार्यक्रम संपल्यावर दोन मिनिटे काढून हिशेब लिहायला सुरुवात केली. चार महिन्यांत स्त्रियांचा वाटा 39 टक्क्यांवरून 50 वर गेला. त्यांचा नियम साधा होता: ज्यांची निवड आपल्या हातात आहे तेवढीच माणसे मोजायची. मंत्री, आरोपी, अपघातातून वाचलेला प्रवासी यांना संपादक निवडत नाही.

आपल्याकडे यासाठी तयार जागा आहेत. आकाशवाणीवरचा ‘दिलखुलास’, सह्याद्रीवरचा ‘जय महाराष्ट्र’ आणि ‘लोकराज्य’ मासिक आपलेच आहेत. तिथे येणारे मंत्री आणि सचिव वेगळे काढा, उरलेले पाहुणे मोजा. तक्त्यात तारीख, विषय, स्त्री की पुरुष एवढे पुरे, मात्र एक रकाना सोडू नका: पाहुण्याने अनुभव सांगितला की अर्थ लावला? आशाताईंनी तापाची साथ कशी गेली ते सांगायचे आणि साथ का आली ते डॉक्टरसाहेबांनी, अशा कार्यक्रमात आकडा निम्मा-निम्मा भरतो आणि बदलत काहीच नाही. (साथ का आली हे आशाताईंनाही विचारून पाहावे; गावातले साचलेले पाणी त्यांना जास्त माहीत असते.)

निमंत्रणाची पद्धतही बदलावी लागेल. ‘मॅडम, दोन मिनिटांचा बाईट द्या’ याला नकार येतो, कारण कशावर बोलायचे हे त्यात कुठेच नसते. तीन प्रश्न आधी पाठवावेत, ध्वनिमुद्रणाची वेळ आणि प्रवासखर्च सांगावा. तरीही नकार आला तर ‘मग या विषयावर तुमच्या विभागातल्या कोणत्या मॅडम बोलतील?’ हे फोन ठेवण्याआधी विचारावे. यादी अशीच वाढते. अर्थसंकल्प, पाऊस, दहावी-बारावीचे निकाल साधारण कधी येणार हे महिनाभर आधी ठाऊक असते, तेव्हा त्या दिवसांसाठी ऐन वेळी धावपळ करण्याचे कारण नाही. आणि पडद्यावरची नावाची पट्टी तपासा. पुरुषाखाली ‘अर्थतज्ज्ञ’ आणि शेजारी तेवढ्याच पदवीच्या बाईखाली ‘प्राध्यापिका’, नाहीतर ‘महिला अर्थतज्ज्ञ’. तज्ज्ञ या शब्दाला मराठीत वेगळे स्त्रीलिंगी रूप लागत नाही.

सगळ्या जिल्ह्यांत एकदम सुरू करू नये. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे कृषी विद्यापीठे आहेत; त्या चार जिल्ह्यांच्या माहिती कार्यालयांपासून, एका खरीप हंगामापुरते सुरू करावे. यादी तयार झाली की बातमीदारांना देण्याआधी जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी स्वतः त्यातले दहा नंबर संध्याकाळी पाच वाजता लावून पाहावेत.

आपले,
वृत्तसंपादन आणि विज्ञानसंवादाचे काम करणारे काही जण