वजनाच्या ऑपरेशनला दिवाळी सवलत नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची जाहिरात होती. वर ‘दिवाळी ऑफर’, खाली एका बाईंचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, आणि ठळक अक्षरांत ‘तीन दिवसांत घरी’. ती जाहिरात कापून मी ओट्यावर बेसनाच्या डब्याखाली ठेवली आहे आणि आठवडाभर येता-जाता वाचते आहे. त्यात खोटं काही नसेलही. मीसुद्धा तिसऱ्या दिवशी घरी आले होते. पण त्या तीन दिवसांच्या आधी माझे साडेतीन महिने गेले आणि नंतरचे चौदा महिने अजून चालूच आहेत. त्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, वय 49. सतरा वर्षं घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवसभर कढईपुढे उभं राहायचं, पहिल्या घाण्यातली चकली मोडून बघायची, अनारसा खुसखुशीत झाला की नाही ते खाऊनच ठरवायचं. गेल्या वर्षी माझं वजन 104 किलो होतं, उंची पाच फूट एक इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 43. दोन वेळा इन्सुलिन घेऊनही तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 9.4 टक्के. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मास्क लावून झोपावं लागे. हे आकडे मुद्दाम देते आहे. हे ऑपरेशन बारीक दिसण्यासाठी नसतं, ते आजारासाठी असतं, आणि ज्याला ते लागतं त्याने त्याची लाज बाळगू नये. मी बाळगली, त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आधी एका दवाखान्याच्या मोफत शिबिरात गेले होते. वजनकाट्यावर उभं केलं, रक्तदाब पाहिला आणि दहा मिनिटांत पुढच्या गुरुवारची तारीख हातात दिली. गुरुवारपर्यंत आगाऊ रक्कम भरली तर पॅकेजमध्ये सूट. मी विचारलं, नंतर कोण बघणार? काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘नंतर काही लागत नाही, काकू.’’ ती पोर काय करणार, तिला जे सांगितलं होतं तेच ती बोलली. पण त्या एका वाक्यावर मी घरी निघून आले, आणि ते बरं झालं.

दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी तारीख दिलीच नाही, तपासण्यांची यादी दिली. दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली, त्यात जठरात जंतुसंसर्ग निघाला. चौदा दिवस अँटिबायोटिक, मग पुन्हा तपासणी. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. बी-12 आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी, ती आधी भरून काढली. हृदय, थायरॉइड, झोपेची तपासणी झाली. मानसोपचारतज्ज्ञांशी तासभर बोलणं झालं. त्यांनी विचारलं, ‘‘दुःख झालं की काय करता?’’ मला उत्तर देता आलं नाही आणि घरी येऊन मी रडले, कारण उत्तर मला ठाऊक होतं. मुलगा बंगळुरूला गेला त्या महिन्यात मी रोज रात्री उरलेली शेव घेऊन टीव्हीपुढे बसायची.

शेवटचे दोन आठवडे खास पथ्य होतं. भात, पोळी, साखर, तळण सगळं बंद. ताक, प्रोटीन पावडर, वरणाचं पाणी, काकडी-कोशिंबीर. यामागचं कारण डॉक्टरांनी एका हातावर दुसरा हात ठेवून समजावलं. यकृताचा डावा भाग जठरावर पांघरुणासारखा पडलेला असतो. चरबीने तो जड झाला की दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये उचलता येत नाही आणि खालचं काही दिसत नाही. दोन आठवड्यांच्या पथ्याने यकृत आक्रसतं. पथ्य कशासाठी ते कळलं की पाळायला बळ येतं. माझं पथ्य आलं नेमकं आषाढात. आषाढ तळायच्या ऑर्डरी, घरभर कापण्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा वास, आणि मी एका हातात झारा, दुसऱ्या हातात ताकाचा पेला घेऊन उभी. चव बघायचं काम तेव्हापासून सुनेकडे दिलं. ते आजही तिच्याकडेच आहे.

माझं जठराचं बायपास झालं. त्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात, म्हणजे अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून खाली जातं. दुसरा प्रकार स्लीव्ह. त्यात जठराचा सुमारे 80 टक्के भाग कापून काढून टाकतात, तो परत येत नाही. मधुमेह जुना असल्याने मला बायपास सुचवलं. कुणाला काय योग्य ते त्या-त्या डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीचं झालं तेच मलाही करा असं म्हणून चालत नाही. त्याच संध्याकाळी मला उठवून चालायला लावलं. पायांत घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, आणि श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं ते प्लॅस्टिकचं यंत्र, ते तासातासाला. टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखला. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे तसं होतं, दोन दिवसांत थांबतं, हे आधी सांगितलेलं असल्याने घाबरले नाही. ताप, नाडी सारखी जलद किंवा पोटात वाढत जाणारं दुखणं यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायचा, हेही आधीच बजावलं होतं. जोड गळत असेल तर ही त्याची खूण असू शकते.

मग घर. पहिले दिवस पंधरा मिनिटांना 30 मिली पाणी, त्याहून जास्त नाही. औषधाच्या बाटलीच्या मापाने मोजून पाहिलं तर आमच्या देवघरातली नैवेद्याची चांदीची वाटी बरोबर 30 मिलीची निघाली. यजमानांनी ती घासून माझ्या उशाशी ठेवली. एक घोट घ्यायचा, वाटी खाली ठेवायची, घड्याळ बघायचं, पुन्हा एक घोट. दिवसाला दीड लिटर पाणी पोटात जायचं तर ती वाटी पन्नास वेळा भरावी लागते. तहान लागली म्हणून घटाघटा प्यायलं तर छातीत दगड अडकल्यासारखं होतं. दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं वरण, दही, कुस्करलेलं पनीर, मग मऊ. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. आधी प्रथिनं, मग बाकीचं. दिवसाला 60 ग्रॅम प्रथिनं भरायची. पोळीचा घास मला सहाव्या महिन्यापर्यंत बसत नव्हता.

आता माझी चूक. नातेवाइकांना मी पित्ताशयाचं ऑपरेशन असं सांगितलं होतं. ‘जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं’ हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. सहाव्या आठवड्यात महालक्ष्म्यांचं जेवण आलं. ‘‘पित्ताशयाला शिरा चालतो, मऊच तर आहे,’’ म्हणत जाऊबाईंनी दोन चमचे वाढले आणि मी ‘नाही’ म्हणू शकले नाही. वीस मिनिटांत अंगाला दरदरून घाम, छाती धडधडते आहे, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी. पंगत चालू असताना मला आतल्या खोलीत आडवं केलं. याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर साखर फार भरभर आतड्यात उतरली की असं होतं. जाऊबाई उशाशी बसून रडत होत्या. त्यांचा काय दोष? त्यांना मी खरं सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी सगळ्यांना सांगून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरी मला आग्रह होत नाही. पाहुण्याला पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय उठू न देणाऱ्या या आपल्या गावात ही केवढी मोठी सोय आहे, ते ज्याचं पोट 30 मिलीचं झालं आहे त्यालाच कळेल.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण एक दुसरी बाई आहे. तपासणीच्या रांगेत तिची ओळख झाली. तिचं ऑपरेशन दुसरीकडे, अशाच एका ऑफरमध्ये झालं होतं. घरी गेल्यावर तीन आठवडे रोज उलट्या. फोन केला की उत्तर एकच, ‘‘होतं असं, सवय होईल.’’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या पोटात टिकत नाहीत म्हणून तिने त्या बंदच केल्या. मग पायांना मुंग्या, एकाची दोन दिसायला लागली, चालताना तोल जायला लागला. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. तो बी-1 जीवनसत्त्वाचा अभाव होता. सतत उलट्या होत असतील तर शरीरातला त्याचा साठा काही आठवड्यांत संपतो आणि थेट मेंदूवर परिणाम होतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणं धोक्याचं असतं, त्याआधी बी-1 द्यावं लागतं. तिला ते मिळालं, पण उशिरा. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे आणि अजून भिंतीला धरून चालते. वेळेवर एकाने नीट विचारपूस केली असती तर एवढंही झालं नसतं.

बाकीचं थोडक्यात. चौथ्या महिन्यात केस गळाले, वेणी निम्मी झाली. वजन झपाट्याने उतरताना होतं, नंतर भरून आलं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवायचं, गोळ्या जन्मभर. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी. बायपास झालेल्याने गुडघेदुखीला, दातदुखीला दुकानातून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आणून खाऊ नये, जोडाच्या जागी व्रण होतो. हे माझ्या दातांच्या डॉक्टरांना मलाच सांगावं लागलं. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना निदान वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ न देण्याचा सल्ला असतो, तो तिच्याबरोबर तिच्या सासूनेही ऐकायला हवा.

आणि विमा. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे वय 18 पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त (आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकणं, असे आजार असतील तर 35), आणि वजन कमी करण्याचे इतर उपाय करून झालेले, अशा मुख्य अटी आहेत. ही शेवटची अट कागदावर दाखवावी लागते. माझा दावा त्याच कारणाने एकदा परत आला. सहा वर्षांपूर्वीच्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या अखेर फराळाच्या जुन्या ऑर्डरवहीत सापडल्या, तेव्हा तो मंजूर झाला. असे कागद कुणी टाकू नयेत.

आज माझं वजन 71 किलो आहे. इन्सुलिन बंद आहे, मास्क डॉक्टरांनी काढायला सांगितला. या ऑपरेशनने मला आयुष्य परत दिलं आणि ज्याला गरज आहे त्याला मी ते करून घ्या असंच सांगेन. म्हणूनच त्याची ‘दिवाळी ऑफर’ झालेली मला सोसवत नाही.

आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे. अशी जाहिरात घेताना निदान एवढं विचारा, की ऑपरेशननंतर पहिलं वर्षभर रुग्णाला कोण बघणार, आहारतज्ज्ञ आहे का, रात्री कोणता फोन उचलला जाणार, आणि ते जाहिरातीतच छापायला लावा. आणि आपल्या आरोग्याच्या पानावर एकदा नंतरच्या वर्षाबद्दल लिहा.

मला दवाखान्यातून मिळालेला आहाराचा कागद इंग्रजीत होता, त्यात ब्रोकोली आणि सूप. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंच्या मदतीने मी तो मराठीत, आपल्या पदार्थांत उतरवला आहे: कोणत्या आठवड्यात मुगाचं कढण, कधी घोटलेलं वरण, कधी धिरडं, किती वाट्या, प्रत्येकात प्रथिनं किती. बाईंनी तो तपासून दिला आहे. अठरा पानं झाली. त्याच्या दहा झेरॉक्स प्रती या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पाठवते आहे. कुणी मागायला आलं तर द्याव्यात. संपल्या तर कळवा, आणखी काढून पाठवीन.

नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. ओळखणारे ओळखतील, त्याचा मला आता संकोच नाही.

आपली नम्र,
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर