घराणे वेगळे, घराणेशाही वेगळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकन फुटबॉलमधल्या बाप-लेक प्रशिक्षकांचा विषय निघाला, की आपल्याकडे लगेच ‘घराणेशाही’ हा शब्द येतो. मला तो खटकतो. लेकीकडे मेरीलँडला सलग तीन हिवाळे राहिलो, नातवाने हा खेळ समजावून दिला, आणि त्या घरांविषयी माझे मत बदलले.

हार्बॉ कुटुंबच घ्या. वडील जॅक यांनी वेस्टर्न केंटकी विद्यापीठाच्या संघाला २००२ साली त्यांच्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. थोरला जॉन बाल्टिमोर रेव्हन्सचा प्रशिक्षक झाला, धाकटा जिम सॅन फ्रान्सिस्कोचा. २०११ च्या थँक्सगिव्हिंग सणाला भाऊ भावासमोर उभा ठाकला. जॉनचा संघ १६-६ ने जिंकला. सामना संपल्यावर आई-वडिलांनी आधी रेव्हन्सच्या खोलीत डोकावून पाहिले. तिथे नुसता जल्लोष होता. समोरच्या बाजूला जिम एकटाच मान खाली घालून बसला होता. आपली गरज इथे आहे, हे दोघांनाही तेव्हा उमगले, असे जॅकनी पुढे सांगितले. फेब्रुवारी २०१३ मध्ये हेच दोघे भाऊ सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, भिडले आणि जॉन पुन्हा जिंकला, ३४-३१. त्या आई-बापाने तो सामना कसा पाहिला असेल, या विचाराने मला आजही गलबलून येते.

हे घराणे आहे, गाण्यातल्या घराण्यासारखे. बिल बेलिचिक यांचे वडील नौदल अकादमीच्या संघासाठी प्रतिस्पर्ध्यांचे डावपेच टिपून आणत. पोरवयातच बिल त्यांच्याशेजारी बसून सामन्यांच्या फिती बघायला शिकले. ही तालीम विकत मिळत नाही. पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी सहा सुपर बोल जिंकले.

पण पहिले दार आडनावामुळे लवकर उघडते, हेही खरे. प्रशिक्षक डॉन शुला हे ३४७ विजयांचे धनी. त्यांचा मुलगा डेव्ह ३२ व्या वर्षी सिनसिनाटीचा मुख्य प्रशिक्षक झाला. १९९४ मध्ये बाप-लेक समोरासमोर आले, बाप जिंकला. डेव्हच्या नावावर १९ विजय आणि ५२ पराभव जमा झाल्यावर संघाने त्याला निरोप दिला. गुणफलकाने आडनाव विचारले नाही.

मालकांचे मात्र तसे नाही. शिकागो बेअर्स हा संघ जॉर्ज हॅलस यांच्याकडून मुलीकडे आला, न्यूयॉर्क जायंट्समध्ये मारा कुटुंब १९२५ पासून आहे. संघ कितीही हरो, मालकाला कोण काढणार? घराणेशाही म्हणायचे तर याला म्हणा.

आणि तरीही, बाहेरच्यांसाठी दार किलकिले करणारा नियम अशाच एका घरातून आला. पिट्सबर्ग स्टीलर्सचा संघ आर्ट रूनी यांनी १९३३ मध्ये २५०० डॉलर भरून उभा केला. त्यांचा मुलगा डॅन यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये ‘रूनी नियम’ आला: मुख्य प्रशिक्षक नेमताना निदान एका वांशिक अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच, असे तेव्हा ठरले. मुलाखत म्हणजे नोकरी नव्हे, हे मान्य. पण २००७ मध्ये याच स्टीलर्सनी ३४ वर्षांच्या माइक टॉमलिन या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाला नेमले आणि दोनच हंगामांत संघाने सुपर बोल जिंकला.

आपल्या क्रीडा पानावर या नियमाविषयी सविस्तर लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे