दिवाळीला येत नाहीये, पण आधी पूर्ण वाचा

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा "हो हो, काही हरकत नाही" म्हणत पावसापाण्याचं बोलायला लागतात. म्हणून लिहितेय. दिवाळीला मी येत नाहीये. तिकीट बदलून घेतलंय. संक्रांतीच्या आधी पोचेन आणि चांगली महिनाभर राहीन. बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी तिथे असतानाच होईल, तारीख डॉक्टरांना विचारूनच घेतली आहे. राजूकाकांच्या वेळचं मी काही विसरलेले नाही.

ऑफिस सुटल्यावर मी मुलांना लिहायला शिकवायला जाते ना, तिथल्यासाठी हे चाललंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात ८२६ व्हॅलेन्सिया म्हणून संस्था आहे, घरनंबर आणि रस्त्याचं नाव, तेच संस्थेचं नाव. डेव्ह एगर्स हा लेखक आणि नीनिव्हे कॅलेगारी ही शिक्षिका, दोघांनी २००२ साली सुरू केली. जागा दुकानासाठीची होती, नियमाप्रमाणे तिथे काहीतरी विकणं भागच होतं. मग त्यांनी पुढच्या बाजूला समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान काढलं! डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्या, झेंडे, असलं सगळं. मागे मुलांची टेबलं. सहा ते अठरा वर्षांची मुलं येतात, फी नाही, आणि मुलाशेजारी एक मोठं माणूस बसतं. मुलांच्या लिखाणाची खरीखुरी पुस्तकं छापतात.

माझ्याकडची मुलगी आठ वर्षांची आहे. घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. पहिल्यांदा वही हाताने झाकून बसायची. आता आजीवर लिहितेय, आजी तव्यावर काय करते, रागावली की कशी दिसते. बाबा, मी काही शिकवत नाही. तुम्ही माझा निबंध वाचताना लाल पेन बाजूला ठेवायचात आणि "बरं, मग पुढे?" एवढंच विचारायचात, तेवढंच मी करते. त्या तीन शब्दांवर मी अख्खी पानं भरायचे. आई आतून "जेवण गार होतंय" म्हणून ओरडायची आणि शेवटी ताट तिथेच आणून भरवायची.

तर या मुलांसाठी पैसे जमवायला आम्ही ऑफिसातले आणि इथली मराठी मंडळी मिळून गल्ली क्रिकेट खेळणार आहोत. टेनिस बॉल, स्टंप म्हणून खोकी, सगळे चाच्यांच्या वेशात. प्रत्येक धावेमागे कुणी एक डॉलर कबूल केलाय, कुणी पाच. एक टप्पा एक हात आउट आहेच, पण आउट झालेल्याने दहा डॉलर भरले की पुन्हा बॅटिंग. वीस भरले तर समोरच्या बॉलरने एका डोळ्याला पट्टी बांधून बॉल टाकायचा. इथले लोक बॅट बेसबॉलसारखी खांद्यावर धरतात, त्यांना मी शिकवतेय. मैदान दिवाळीतल्याच शनिवारचं मिळालं आणि त्यानंतर इथला पाऊस सुरू होतो. पैसे कबूल करून घेतलेत ते माझ्या शब्दावर. माझ्यावाचून काही अडणार नाही असं तुम्ही म्हणाल. पण अडेल, खरंच. शिवाय दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मला तुमच्याजवळ बसायलाच मिळत नाही. जानेवारीत आपण तिघंच. तिकीटही बरंच स्वस्त पडलं.

तरी पाडव्याला औक्षणाच्या वेळी आपण तिघं एकत्र नसू, ते मला लागतंय. तुम्हालाही लागेल, ठाऊक आहे.

आई, चकल्या तळायला तू उभी राहायचं नाहीस. मालतीकाकूंना फराळाचं सांगून पैसेही देऊन ठेवलेत, त्यामुळे "नको" म्हणायची सोय नाही. तुझ्या हातच्या चार करंज्या मात्र कर, बसून, आणि माझ्यासाठी ठेवू नकोस, खाऊन टाका. गिझर दुरुस्त करायला प्रसाद रविवारी माणूस घेऊन येईल. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडाही तोच बसवेल. तो बसेपर्यंत बाबांनी पाट घेऊन अंघोळ करायची. आकाशकंदील लावायला स्टुलावर चढायचं नाही. कुणीही नाही. शेजारच्या पोराला हाक मारा.

बाबा, उजव्या डोळ्यातले थेंब दिवसातून किती वेळा ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि घातले की खूण करा. "घातले असतील" हे उत्तर मी ऐकणार नाही. साखर तपासून आकडा मला पाठवा, फराळाच्या आधीचाही आणि नंतरचाही. मी रागावणार नाही. थोडीशी रागावेन.

माझी काळजी करू नका. गुडघ्याला पट्टा बांधून खेळणार आहे, सकाळी गार असतं म्हणून आईने विणलेला स्वेटर आत घालणार आहे. डबा घरूनच नेते, वरण-भात असतो.

पाडव्याला तुमच्या सकाळी व्हिडिओ कॉल करते, तयार बसा. आई, ती जांभळी नेस.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, वाड्यात बॉल जोशांच्या गच्चीत गेला की सिक्स होता की आउट? मी आउट म्हणते, इथे दोन गट पडलेत. शनिवारच्या आत कळवा.