पर्शियन बोक्याला दिलेल्या ‘हृदय सुरक्षित’ रिपोर्टबद्दल तक्रार

दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मांजरांच्या हार्ट जीन टेस्टचा दिशाभूल करणारा रिपोर्ट

महोदय/महोदया,

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या ढब्बूसाठी, म्हणजे पर्शियन बोक्यासाठी, मी ६,५०० रुपये भरून तुमचं किट मागवलं. फॉर्मवर जात स्पष्ट लिहिली होती. गालाच्या आतून ब्रश फिरवून नमुना पाठवला (मनगटावरचे ओरखडे आठवडाभर टिकले, पण ती तक्रार नाही). तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. हिरव्या गोलात बरोबरची खूण आणि खाली ठळक अक्षरांत : ‘एचसीएम निगेटिव्ह. तुमच्या मांजराचं हृदय सुरक्षित आहे.’ (एचसीएम म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आजार.)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांना बारीकसा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, आल्याची शंका आली. ढब्बू टेबलावर जोरात घुरघुरत होता, ठोके कळेनात. त्यांनी बेसिनचा नळ सोडला, पाण्याच्या आवाजाने तो गप्प झाला, तेव्हा मर्मर पकडता आला. ‘एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या,’ म्हणाले. मी मोबाइलवर तुमचा रिपोर्ट पुढे केला. जीनच तपासलेत तर इको कशाला, असं मीच म्हणाले आणि त्याला घरी आणलं. चूक माझी, मान्य. पण ती तुमच्या हिरव्या खुणेच्या भरवशावर झाली.

गेल्या महिन्यात तो बसल्या जागी धापा टाकू लागला. इको केला. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत ७.४ मिमी, ६ मिमी किंवा त्याहून जास्त जाडी आजाराची धरतात. वरचा डावा कप्पाही फुगलेला. तिथे गुठळी होऊन ती मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकू नये म्हणून आता क्लोपिडोग्रेल या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाच्या ७५ मिग्रॅच्या गोळीचा पाव तुकडा रोज द्यावा लागतो. इतका कडू की गोळी जिभेला लागली तर तोंडाला फेस येतो आणि तो कपाटामागे जाऊन बसतो.

इको करणाऱ्या डॉक्टरांनी तुमच्या रिपोर्टचं दुसरं पान मला वाचून दाखवलं. तिथे बारीक अक्षरांत आहे की तपासलेले बदल दोनच : मेन कूनमध्ये २००५ साली सापडलेला आणि रॅगडॉलमध्ये २००७ साली सापडलेला. दोन्ही एमवायबीपीसी-३ या जनुकातले, आणि मुख्यतः त्या-त्या जातींपुरते. पर्शियनमध्ये त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शिवाय खुद्द मेन कूनचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आजार होणारच नाही असं कोणी म्हणत नाही; तिथेही इको करावाच लागतो. पर्शियनसाठी खरोखर उपयोगी असलेली पीकेडीची (मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याच्या आजाराची) जनुकीय चाचणी तुमच्याच यादीत आहे. ती मला कोणी सुचवली नाही.

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, रिपोर्ट तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे.’ असेलही. ते दोन बदल ढब्बूमध्ये नाहीत, हे खरंच. ‘हृदय सुरक्षित’ हे मात्र तुम्ही कुठून आणलंत? आधी कळलं असतं तर आजार बरा झाला असता असं नाही, तो पूर्ण बरा होत नाही हे मला आता माहीत आहे. पण पंधरा महिने आम्ही गाफील राहिलो नसतो.

मला पूर्ण पैसे परत हवेत आणि नव्याने लिहिलेला रिपोर्ट हवा, ज्यात ‘या चाचणीवरून पर्शियन मांजराच्या हृदयाबद्दल काही सांगता येत नाही’ असं पहिल्याच पानावर असेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मेन कून आणि रॅगडॉल सोडून इतर जातींच्या ज्या-ज्या मांजरांना तुम्ही ती हिरवी खूण दिली, त्यांच्या घरच्यांना कळवा आणि इको करून घ्यायला सांगा. त्यांच्यापैकी कोणीतरी आजही डॉक्टरांपुढे मोबाइल धरत असेल.

पावती, तुमचा रिपोर्ट आणि इकोचा अहवाल सोबत जोडला आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपली,
ढब्बूची मालकीण, पुणे